बाबांचं इंजिनिअरिंग डिपार्टमेंट

आमच्या ओहायोतल्या गावाला एक कालवा आहे. म्हणजे होता. आता तो गवत माजलेला लांबलचक खड्डा आहे, आणि त्या खड्ड्यावर जीव टाकणारी दहा-बारा रिटायर्ड माणसं आहेत. त्यांच्या इतिहास मंडळाची मी तीन वर्षांपासून मेंबर. कालवा रेल्वेने खाल्ला, रेल्वे हायवेने खाल्ली, आणि दोघांचं श्राद्ध दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी लायब्ररीच्या तळघरात डोनट खाऊन घातलं जातं. शेवटच्या पॅसेंजर गाडीचे डबे हिरवे होते की मरून, यावरून दोन म्हातारे सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते. आपल्याकडे निदान बांधावरून तरी भांडतात हो!

मी तिथे गेले ती ऑफिसातल्या मॅनेजरने 'जरा कम्युनिटीत मिसळ' असा सल्ला दिला म्हणून. पहिल्याच मीटिंगला मंडळाच्या अध्यक्षांनी, पंचाहत्तरीच्या एका उंच, भल्या गृहस्थांनी, विचारलं, "तुमच्या घरी कोणी रेल्वेत होतं का?"

"वडील."

"कुठल्या खात्यात?"

"इंजिनिअरिंग डिपार्टमेंट."

यात एक अक्षरही खोटं नाही. आपल्या रेल्वेत रुळांची देखभाल इंजिनिअरिंग डिपार्टमेंटकडेच असते, आणि माझे बाबा भुसावळकडच्या एका सेक्शनला कीमॅन होते. कीमॅन म्हणजे रोज पहाटे खांद्यावर हातोडा आणि पाना, काखेत झेंडे घेऊन सहा किलोमीटर रूळ तपासत जायचं, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी जिथे सैल झाली असेल तिथे ठोकायची, नट आवळायचे, आणि तसंच तपासत परत यायचं. एकतीस वर्षं. अध्यक्षांनी ते ऐकून वहीत 'इंजिनिअर' लिहिलं. मला दिसलं. मी डोनट घेतला.

मराठी मंडळातही हेच. तिथे एक काका आहेत, गणपतीत नव्या माणसाला मोदक द्यायच्या आधी तीन प्रश्न देतात. आडनाव काय? मूळचे कुठले? वडील काय करायचे? बिचाऱ्यांनी अमेरिकेत निम्मं आयुष्य काढलं, पण पेपर काही बदलला नाही. आम्ही बौद्ध. ते त्यांना पहिल्याच उत्तराला कळलं. चेहरा जरा जास्तच प्रेमळ झाला. तिसऱ्या प्रश्नात तरी मार्क मिळवावेत म्हणून मी तीच पुडी सोडली. आणि हीच मी, दर एप्रिलला आपल्या लोकांच्या कार्यक्रमात स्वाभिमानावर वीस मिनिटं भाषण ठोकते! टाळ्याही घेते. लाज म्हणून नाही.

मागच्या उन्हाळ्यात बाबा पहिल्यांदा इकडे आले. मी ही बातमी उत्साहाने सांगून बसले आणि अध्यक्षांनी ईमेल काढलं: भारतातून सन्माननीय पाहुणे, रेल्वेचे चीफ इंजिनिअर, कालव्यावर आपल्यासोबत फेरफटका मारणार. चीफ! प्रमोशन कोणी दिलं, देव जाणे. ते ईमेल फिरत फिरत काकांकडे पोचलं. काकांचा लगेच फोन. "अगं, एवढा मोठा माणूस आणि तू बोलली नाहीस? मी येणार. शाल-श्रीफळ घेऊन येणार."

आदल्या दिवशी मी बाबांना ब्लेझर घेतला आणि समोर बसवून सांगितलं, "कोणी विचारलं तर इंजिनिअरिंग डिपार्टमेंट म्हणा. पुढचं मी बघते."

बाबांनी ब्लेझरची बाही दोन बोटांत धरून पाहिली. "बरं," एवढंच म्हणाले.

शनिवारी सकाळी चाळीसेक माणसं जमली. अध्यक्षांनी पाऊण तास इतिहास सांगितला. नकाशा काढणारा कोण, पैसा उभा करणारा कोण, पहिल्या बोटीत टोपी हलवणारा गव्हर्नर कोण. एवढा मैलोन् मैल कालवा खणला कोणी, ते एका वाक्यात आटपलं: मजूर आले, पुष्कळ तापाने मेले. मग पुढची पाटी. मी बाबांना कानात भाषांतर करून देत होते. ते म्हणाले, "मेलेल्यांची नावं विचार." मी विचारली. अध्यक्ष खजील झाले, नावं कुठे लिहिलेली नव्हती.

मग आला मंडळाचा लाडका ऐवज. जुन्या लॉकच्या, म्हणजे बोटी वर-खाली करायच्या दगडी हौदाच्या, काठाकाठाने यांनी शंभरेक पावलं जुना रूळ स्वतः बसवलाय. त्यावर एक ट्रॉली, हाताने दांडा वर-खाली केला की चालणारी. हौद कोरडा, पण दोन पुरुष खोल. ट्रॉलीच्या दांड्याशी मंडळातले दोघे उभे राहिले, चार पोरं बसली, काका शालीची पिशवी मांडीवर घेऊन बसले, आणि मधली खुर्ची चीफ इंजिनिअरसाठी.

बाबा बसेनात. आपल्याकडे ट्रॉलीवर साहेब बसतो आणि खालची माणसं रुळावरून पळत ती ढकलतात. बाबांनी पळणं पुष्कळ केलेलं, बसणं कधीच नाही. "मी पुढे चालतो," म्हणाले, आणि दोन्ही हात मागे बांधून, मान खाली घालून निघाले. मागून ट्रॉली हळूहळू सुटली.

हौदाच्या वळणावर बाबा थबकले. वाकले. बुटाने रुळाचा जोड दाबून बघितला, आणि गर्रकन वळून रुळाच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हात डोक्यावर सरळ ताणून.

काकांना वाटलं स्वागत चाललंय. त्यांनीही हात वर केले! दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र लहानपणापासून माहीत होतं, झेंडा जवळ नसला की कीमॅन असे हात वर करतो आणि गाडी थांबलीच पाहिजे. मी किंचाळले, "ब्रेक! ब्रेक मारा!"

ट्रॉली बाबांच्या हातभर अलीकडे थांबली. जोडाच्या फिशप्लेटचे, म्हणजे दोन रूळ सांधणाऱ्या लोखंडी पट्टीचे, दोन बोल्ट गायब होते, उरलेले बोटाने फिरत होते, आणि रुळाखालचा लाकडी स्लीपर पावासारखा भुसभुशीत. हौदाकडचा रूळ बाबांनी नुसत्या पायाने हलवून दाखवला. अध्यक्ष पांढरेफटक पडले. पोरांना पटापट उतरवलं.

बाबांनी पाना मागितला. ब्लेझर काढून गवतावर ठेवला, खडीवर उकिडवे बसले, रुळाला गाल लावून एक डोळा मिटून लांबवर पाहिलं, आणि जागेवर पडलेल्या लाकडाची पाचर करून जोड घट्ट केला. या मंडळात सात रिटायर्ड इंजिनिअर आहेत. सातही जण गुडघ्यावर हात ठेवून बघत होते. खरंच सांगते, इतका अभिमान मला माझ्या डिग्रीचाही वाटला नव्हता.

काका घाम पुसत जवळ आले. "साहेब, वाचवलंत! पण हाताने काम करायची सवय बरी ठेवलीत हो. कुठल्या पोस्टवरून रिटायर झालात?"

बाबांनी मान वर केली. हात ग्रीसने काळे. माझ्याकडे बघून म्हणाले, "हिला विचारा."

काका माझ्याकडे वळले. अध्यक्षही. बाबा पाना हातात धरून वाट बघत होते, घाई नव्हती त्यांना. आणि मी, स्वाभिमानावर वीस मिनिटं बोलणारी मी, म्हणाले, "इंजिनिअरिंग डिपार्टमेंट, काका. सांगितलं होतं ना मी."

शाल पांघरली गेली, नारळ दिला गेला, फोटो निघाले. बाबांनी सगळं निमूट करून घेतलं. कालव्याकाठच्या शेडमधल्या समोसे-चहाला मी थांबले नाही, त्यांना घेऊन निघाले.

दोन सिग्नल गेल्यावर ते बोलले. "माझ्या सेक्शनला एकतीस वर्षांत एक गाडी घसरली नाही."

"हो, बाबा."

"पुढल्या वेळी कोणी विचारलं ना, तर बाप मेला म्हणून सांग. तुला सोपं पडेल."

आवाज चढलेला नव्हता. उन्हात पाणी मागावं इतक्या साध्या आवाजात बोलले ते. मला समोरचा रस्ता दिसेना. मी पेट्रोल पंपावर गाडी वळवली, डोळे पुसले, आणि परत कालव्याकडे घेतली.

मंडळी अजून शेडमध्येच होती. दारात काका समोसा हातात धरून अध्यक्षांना सांगत होते, चीफ इंजिनिअर असून केवढा साधा माणूस! मी बाबांच्या बाजूचं दार उघडलं. "चला. तुमच्यासमोर सांगते सगळ्यांना."

बाबा हलले नाहीत. मांडीवरचा नारळ त्यांनी माझ्या हातात दिला.

"मी कशाला? मी काय होतो ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "तू जा."