पायाखालची घरघर

जुन्या गाड्या घेऊन विकणं हा माझा धंदा. गाडी बघायला गेले की मी आधी बॉनेटवर हात ठेवते. गरम लागलं तर मालकाला चहा टाकायला सांगते आणि इंजिन थंड होईपर्यंत बसून राहते. मी यायच्या आधी कुणी गाडी तापवून ठेवली, म्हणजे ती थंड असताना सुरू व्हायला रडते. हे मला कुणी शिकवलं नाही, फसून फसून कळलं. ऑइलचं झाकण उघडून पांढरा फेस, म्हणजे ऑइलमध्ये शिरलेलं पाणी, दिसतो का बघायचं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, पुरात बुडालेल्या गाडीचा चिखल तिथे सापडतो. मग भाव. भावात मला आजवर कुणी हरवलेलं नाही. खरी खोट सापडली नाही तर दोन-चार खोट्या मी पदरच्या घालते: क्लच संपत आलाय, स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय. आवाज चढवून सांगितलं की माणूस स्वतःच्याच गाडीकडे संशयाने बघायला लागतो.

धामणकर नाक्यावरच्या एका गॅरेजवाल्याने माझी ही चाल ओळखली होती. नऊ वर्षांपूर्वी, चार गिऱ्हाइकांसमोर, हातातला पाना न थांबवता तो म्हणाला, "ताई को भाव समझता है, गाडी नहीं." सगळे हसले. मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या दिवसापासून माझ्या गाड्या मी लांबच्या गॅरेजांत नेते. त्याचं ते वाक्य मात्र कुठे सोडून येता आलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर दिघाशीच्या एका शेतकऱ्याकडून मी छोटी पांढरी गाडी घेतली. इंजिन स्वच्छ, गिअर लोण्यासारखे. फक्त पन्नासच्या वर गेली की कुठूनतरी घूंऽ असा आवाज यायचा. हळू चालवली की गायब. एक गॅरेजवाला म्हणाला, टायर उंचसखल झिजलेत. मी चारही नवे बसवले. घूं तशीच. दुसरा म्हणाला, चाकांचं बॅलन्सिंग करा. तिसरा म्हणाला, रस्ताच खराब आहे, गाडी काय करणार? तोवर गाडी विकली गेली होती. नारपोलीच्या एका मास्तरांनी घेतली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बायको आणि दोन लहान मुलींना घेऊन माळशेज घाटातून गावी जायला. आवाजाचं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, नवे टायर आहेत, बसतील हळूहळू. तेही मी आवाज चढवूनच म्हटलं.

गाडी द्यायच्या आदल्या दुपारी शेवटची चक्कर मारायला निघाले, तर वाटेत शेअर रिक्षाच्या रांगेत चाचा दिसले. माझे वडील ज्या कापड कारखान्यात लूम चालवायचे तिथले हे जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम चालू करून देणारे कारागीर. चाळीस वर्षांच्या खडखडाटाने त्यांचे कान पार गेलेत. लूमवाल्यांचं बोलणं तसंही ओठांवरून आणि बोटांच्या खुणांवरून चालतं. वडिलांचा डबा घेऊन जायची तेव्हा मीही ते शिकले होते. घरी सोडते, अशी मी खूण केली. कुणाच्या घरात शिरावं तशा त्यांनी चपला काढल्या आणि शेजारी बसले.

बायपासला गाडी पन्नासवर गेली आणि चाचांनी बोट वर केलं. मला वाटलं, उतरायचंय. पण त्यांनी दोन्ही तळपाय सपाट टेकवले, डॅशबोर्डवर हात ठेवला आणि डोळे मिटले. मग एका गोडाऊनच्या मोकळ्या आवारात गाडी घ्यायला लावली. वेगात डावीकडे वळव. आता उजवीकडे. परत डावीकडे.

"पुढचा उजवा," ते म्हणाले. "तुझ्या पायाखालचा, बाय."

माझं डोकंच फिरलं. तीन गॅरेजं झाली, चार नवे टायर झाले, आणि ज्यांना मागून ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही ते मला गाडीचा आवाज सांगणार. मी हे सगळं बोलून टाकलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"वरडू नको," ते हसून म्हणाले. "मना तसं बी ऐकू येत न्हाय."

मग जॅक लावायला सांगितला. आधी डावं चाक उचललं. माझा एक हात धरून त्यांनी चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवायला लावलं. स्प्रिंग गप्प होती. मग उजवं उचललं. चाक फिरलं आणि स्प्रिंगमधून माझ्या बोटांत काहीतरी चढलं. डावीकडे बारीक पीठ होतं, इथे जाडा रवा. जात्यात खडा आल्यासारखं, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तेच. मी चाक फिरवतच राहिले. आवाज काहीच नव्हता, नुसतं हाताला कळत होतं.

"बेअरिंग," चाचा म्हणाले. "वळताना गाडीचा भार त्याच्यावर आला का वरडतो. लूमचा बी असाच मरतो. आधी हाताला सांगतो, कानाला मागून."

चाळीस लूम एकत्र धडधडत असताना कुठला बिघडलाय हे कोणत्या कानाला कळणार? वडील सांगायचे, चाचा रांगेतून नुसता हात टेकवत जातात आणि बरोबर थांबतात. मला ती लोणकढी थाप वाटायची. आणि लूमने या माणसाचे कान नेले म्हणून इतकी वर्षं मी त्यांची कीव करत होते.

बेअरिंग दाबून बसवायला प्रेसचं मशीन लागतं. संध्याकाळच्या आत काम करून देईल अशी जवळची प्रेस एकाच गॅरेजात होती, धामणकर नाक्यावरच्या. क्षणभर मनात आलं, चालेल महिनाभर. मग घाट आठवला, मागच्या सीटवरच्या मुली आठवल्या. गाडी नाक्याकडे वळवली.

नऊ वर्षांनी त्याने माझ्याकडे नाही, गाडीकडे बघितलं. मी म्हटलं, पुढचं उजवं बेअरिंग. त्याने एक चक्कर मारली, उतरला आणि म्हणाला, "टायर का आवाज है, ताई."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चाचांनी त्याचं मनगट धरलं. जॅक लावून घेतला आणि त्याचा हात स्प्रिंगवर ठेवला. त्याने चाक फिरवलं. थांबला. उठून डाव्या बाजूला गेला, परत उजवीकडे आला. त्याचा चेहरा मी बघत होते, आणि काय सांगू, तो माझाच चेहरा होता, तासाभरापूर्वीचा. आम्ही दोघं नऊ वर्षांचे वैरी, आळीपाळीने त्या स्प्रिंगवर हात ठेवत राहिलो.

बेअरिंग उघडलं तेव्हा आतल्या गोळ्यांवर खड्डे पडले होते आणि कड तापून निळी झाली होती. त्याने ते पुसून चाचांच्या तळहातावर ठेवलं. नऊ वर्षांपूर्वीचं ते वाक्य त्याने मागे घेतलं नाही. तो स्वतःही चुकला, म्हणून काही मी ते विसरणार नाही.

सकाळी सहाला मास्तरांना मी घूं कशाची होती ते खरं सांगितलं आणि बायपासपर्यंत बरोबर येते म्हणाले. मास्तर चालवत होते, मी शेजारी बसले होते; मागे आईजवळ मुली एकमेकींच्या अंगावर झोपल्या होत्या. काटा पन्नासवर गेला. मी चपला काढल्या, तळपाय सपाट टेकवले आणि डोळे मिटून घेतले.