डाव्या अंगाचे टायर

हिंमतराव सैंदाणे एसटीतून निवृत्त झाले आणि वर्ष सरायच्या आत सुरतेहून एक लाल गाडी घेऊन आले. दोन दारं, दोनच माणसांची जागा, पोट जमिनीला टेकलेलं, आणि आवाज असा की अक्कलकुव्याच्या स्टँडवरची झोपलेली कुत्री उठून उभी राहिली. कुठल्याशा कापडवाल्याच्या मुलानं हौसेनं परदेशी बनावटीची गाडी घेतली होती. पुढे तो मुलगाच परदेशी गेला आणि गाडी गोडाउनमध्ये धूळ खात पडली. अण्णांनी ती फंडाच्या पैशातून उचलली. हिंमतरावांना आमच्याकडे सगळे अण्णाच म्हणतात, त्यांची मुलगीसुद्धा.

गावाला जे म्हणायचं ते गाव म्हणालं. म्हाताऱ्याला पालवी फुटली म्हणाले, फंड धुरात घातला म्हणाले. मीही म्हणालो. मोलगी रस्त्याला माझं पंपाच्या मोटारींचं रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर तांब्याची तार गुंडाळत बसणाऱ्या माणसाला दुसऱ्याला नावं ठेवण्यापलीकडे करमणूक नसते. अण्णांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं.

"जलमभर सरकारनी गाडी चलाई. आते मन्ही चलावसू."

गाडी झाकून ठेवायची नव्हती, रोज वापरायची होती. अण्णांची मुलगी रिना धडगावला तहसीलमध्ये नोकरीला आहे. जावई अंकलेश्वरच्या कंपनीत, तो रविवारी येतो, म्हणून ती वडिलांकडेच राहते. आधी ती जीपनं जायची, म्हणजे एका सीटवर तिघांनी बसायचं आणि पाय कुणाच्या तरी पिशवीवर ठेवायचे. आता अण्णा तिला सकाळी देवगोईचा घाट चढून धडगावला सोडू लागले. दिवसभर तिथेच जुन्या कंडक्टर मंडळींत चहा पीत बसायचे आणि ऑफिस सुटलं की तिला घेऊन घाट उतरायचे. ज्या रस्त्यावर त्यांनी सगळी नोकरी काढली त्याच रस्त्यावर ते पुन्हा रोज जाऊ लागले, फक्त पाठीमागे पन्नास माणसं नव्हती. गतिरोधक आला की गाडी तिरकी करून एकेक चाक चढवायची, नाहीतर पोट घासतं. तालुक्याचे सगळे गतिरोधक अण्णांना तोंडपाठ झाले.

दोन पावसाळे गेले आणि टायर गोटा झाले. अंगठा फिरवला तरी खाच लागेना. माझ्या शेजारीच सलाउद्दीनभाईंचं टायरचं दुकान आहे. त्यांचे आजोबा इथेच बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे, वडील सायकली दुरुस्त करायचे, आणि सलाउद्दीनभाईंकडे आता ट्रकपासून स्कूटीपर्यंत सगळी चाकं येतात. अण्णा त्यांच्याकडे आले आणि पुढचे कितीतरी दिवस येतच राहिले.

त्यात नवल नव्हतं. एसटीत टायर डेपो देतो. पुढे नवे, मागे रिमोल्ड, म्हणजे जुन्यावरच नवं रबर चढवलेले, ड्रायव्हरला कोण विचारतो? तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा अण्णांना टायर निवडायची संधी मिळाली होती आणि त्यांनी ती पुरेपूर वापरली. मोबाइलवर व्हिडिओ पाहायचे, दुकानात येऊन टायरच्या अंगावरचे आकडे वाचायचे, रबरात नख रुतवून बघायचे. रिनाचं स्थळ पाहताना एवढी चौकशी केली नव्हती, असं मी म्हणालो. अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सलाउद्दीनभाईंनी तीन प्रकार समोर मांडले.

"अण्णा, हाऊ नरम शे. कोरडा रस्ताले चिकटी बसस, वळनवर सोडस नही. पन लवकर घसाई जास, आनि पानीमा त्याना भरवसा नही. हाऊ दुसरा कडक. बराच वरीस काई व्हवाव नही, पन तुमले मजा येवाव नही. हाऊ तिसरा मधला. याले खोल खाचा शेतस, पावसायामा धरस. अंगबी जरा उंच शे, खड्डामा रिम वाची जाई."

"मधला माले काब्र, कसाले?" अण्णा म्हणाले. "मी मधला ड्रायव्हर शे का?"

घाटात अण्णांच्या नावावर कधी खरचटल्याचीही नोंद नव्हती, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. नरम टायर ठरले. तसे टायर इकडे कोण ठेवतो? सुरतेहून मागवावे लागले. ट्रान्सपोर्टच्या गाडीतून ते उतरले त्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले.

सलाउद्दीनभाईंनी गाडी जॅकवर घेतली आणि चारही चाकं काढून भिंतीला ओळीनं लावली. मी माझं काम सोडून बघायला गेलो होतो. उजवीकडचे दोन टायर गोटा झालेले, पण अंगानं स्वच्छ. डावीकडच्या दोघांचं अंग मात्र पार ओरबाडलेलं होतं. एका ठिकाणी आतला धागा उघडा पडला होता. रिमच्या कडेलाही टवके गेले होते. जणू गाडीची डावी बाजू रोज कशाला तरी घासत चालली होती.

सलाउद्दीनभाईंनी उकिडवं बसून त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

"अण्णा, डाव्या अंगले काय व्हयनं?"

"रस्ता खराब शे."

"रस्ता ते उजव्या अंगलेबी तोच शे ना." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "डावा डोया दखाडा का कोनले?"

डोळ्याचं नाव निघताच अण्णांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "तू टायर इक. डाक्टरकी नको करू," ते म्हणाले. "लाव ती चाकं परत."

"अण्णा, गोटा टायरवर घाट नका चढू."

"लाव म्हनी ऱ्हायनू ना."

चाकं परत लागली. नवे टायर कागदात गुंडाळलेले तसेच राहिले आणि गाडी जुन्याच टायरवर निघून गेली. मला राग आला. स्वतःपुरता प्रश्न असता तर मी म्हटलं असतं, त्यांचा जीव, त्यांची गाडी. पण डावीकडच्या सीटवर रिना बसते, आणि घाटात जाता-येता एका फेरीला तरी दरी डावीकडेच असते. हे त्या माणसाला कळत नव्हतं असं कसं म्हणायचं? सगळ्या तालुक्याला बसमधून सुखरूप नेणारा माणूस हा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिना एकटीच दुकानात आली. खांद्याला ऑफिसची पर्स होती, केसांत घाटातली धूळ होती.

"चाचा, टायर काब्र नही टाकात? अण्णा काई बोलतस नही."

सलाउद्दीनभाईंनी जे पाहिलं ते सांगितलं. ती दचकली नाही.

"माले माहीत शे चाचा. साल व्हई गयं. मीच सांगस त्यासले रस्ताभर. अण्णा, उजवीकडे ल्या. अण्णा, दगड शे. अण्णा, मोटरसायकल शे. ते लेतस. कोनीच कोनले काई म्हनत नही."

"मंग इतला दिन बोलनी काब्र नही, बेटा?"

"गाडी गयी ते अण्णा बसी जातीन." एवढं बोलून ती खाली बघत राहिली. तिला रडू येत होतं आणि ती ते येऊ देत नव्हती. माझा सगळा राग तिथेच विरला. काही न बोलता एकमेकांना सांभाळत दोघं वर्षभर तो घाट चढत-उतरत होती. भीती दोघांनाही वाटत असणार, आणि ती बोलून दाखवायची सोय दोघांनाही नव्हती.

त्यानंतर तिनं जे केलं ते आम्हाला अण्णांच्याच तोंडून कळलं. दोन-तीन दिवसांनी ते आले, गाडी अगदी हळू आणत. उतरले, आणि सलाउद्दीनभाईंच्या दुकानात न जाता माझ्याकडच्या स्टुलावर बसले. सलाउद्दीनभाईच हात पुसत इकडे आले.

"ती जीपमा गयी," अण्णा म्हणाले. "मी गाडी काढी, हॉर्न वाजाडा, ते तिनी मायनी घरमाईन सांगं, रिना गयी. मी मांगे मांगे गऊ. घाटना दुसरा वळनवर थांबनू. गाडीमा आवाजच नही व्हता."

कोणता आवाज ते आम्हाला ठाऊक होतं. शेजारची सीट रिकामी असताना अण्णांना पहिल्यांदा कळलं की आपण रस्त्याची डावी बाजू वर्षभर डोळ्यांनी नव्हे, कानांनी पाहत आलो. गाडी पुढे नेण्याची हिंमत झाली नाही. मागे वळवायची तर डावीकडे किती जागा आहे याचा अंदाज येईना. शेवटी लाकडाची मोळी घेऊन खाली चाललेल्या एका माणसाला त्यांनी थांबवलं आणि म्हणाले, जरा सांग रे, किती मागे घेऊ. घाटात ज्याच्या मागून बाकीचे ड्रायव्हर निर्धास्त गाडी काढायचे, त्या माणसानं हे विचारलं. मोळीवाल्यानं मोळी खाली ठेवून गाडी वळवून दिली आणि वर विचारलं, नवीन शिकताय का?

मला हसू आलं नाही. एरवी आलं असतं.

बराच वेळ अण्णा माझ्या टेबलावरची तांब्याची तार बोटांत फिरवत राहिले. मग त्यांनी ती खाली ठेवली.

"सलाउद्दीन, ते नरम टायर परत धाडी दे. मधला टाक."

"मधला? पन अण्णा, तुमलेच ते..."

"माले नही. आते रिना चलाई."

सलाउद्दीनभाई चपापले. रिनाकडे लायसन्स होतं. कॉलेजात असताना नंदुरबारच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमधून तिनं काढलं होतं. पण लाल गाडीच्या स्टिअरिंगवर अण्णांनी तिला कधी बसू दिलं नव्हतं. घाट म्हणजे पोरीसना खेय नही, असं ते चारचौघांत म्हणायचे. त्यामुळे सलाउद्दीनभाईंनी जे विचारलं ते रास्तच होतं. टायर द्यायचा तर चालवणाऱ्याचा हात माहीत पाहिजे.

"पन ती चलावस कशी? तुम्ही कधी दखं का?"

"रोज दखस," अण्णा म्हणाले.

ते उठले, गाडीपाशी गेले आणि डावं दार उघडून आम्हाला आत वाकायला लावलं. सीटच्या पुढे, जिथे बसणाऱ्याचा उजवा पाय येतो, तिथली चटई झिजून तिला भोक पडलं होतं. खालचा पत्रा दिसत होता.

"ती ब्रेक दाबस," अण्णा म्हणाले. "आठे ब्रेक नही शे, तरी दाबस. वळन येवाना आधी तिना पाय खाले जास. मन्हाथून आधी. आनि बराबर जागावर. तिना पाय पत्रावर वाजना का माले समजे, आते वळन उनं."

या माणसानं उभ्या जन्मात दुसऱ्या ड्रायव्हरला बरं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"जो आधीच ब्रेक दाबस त्याले चिकट टायर कसाले?" अण्णा म्हणाले. आता ते पुन्हा टायरवर बोलत होते. "त्याले पानीमा धरनारा टायर पाहिजे. अंग उंचवाला टाक. तिले खड्डा चुकाडता येतस, पन सम्दा कोनले चुकतस?"

टायर शनिवारी लागले. रिनाला सुट्टी होती. ती दुकानात आली तेव्हा तिला वाटलं, अण्णा नेहमीसारखे गाडी घेऊन जायला आले आहेत. अण्णांनी तिच्या हातात किल्ली दिली. ती किल्लीकडे बघत राहिली. मग काही न विचारता स्टिअरिंगवर जाऊन बसली. तिनं सीट पुढे ओढली, आरसा खाली केला.

अण्णा गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी गेले आणि तिथे नुसते उभे राहिले. त्या बाजूनं ते गाडीत कधी बसलेच नव्हते. वाकताना डोकं आपटलं, पट्टा कुठे अडकवायचा ते सापडेना. सलाउद्दीनभाई पुढे होणार होते, मी त्यांचा हात धरला. पट्टा अखेर लागला.

गाडी दोनदा बंद पडली. अण्णा मांडीवर हात ठेवून समोर बघत होते. गप्प बसणं त्यांना किती जड जात होतं ते त्यांच्या जबड्यावर दिसत होतं. तिसऱ्यांदा गाडी चालू राहिली आणि दुकानाच्या उतारावरून रस्त्याच्या कडेपर्यंत आली. उजवीकडून एक रिकामा टँकर गेला. रिनानं उजवीकडचा रस्ता पाहून घेतला आणि चालवणारा माणूस शेजारी बसलेल्याला जे सहज विचारतो तेच विचारलं.

"अण्णा, डावीकथून कोनी ई ऱ्हायनं का?"

तिच्या लक्षात आलं. मला ते मागून, तिच्या खांद्यांवरून कळलं. पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

"थांब," अण्णा म्हणाले. काच खाली होती, आम्हाला स्वच्छ ऐकू आलं. "डावा डोयाले दिसत नही माले. सम्दी मान फिरावनी पडस."

ते सीटवर पुरते वळले, खिडकीबाहेर डोकं काढलं आणि उजव्या डोळ्यानं रस्ता लांबवर पाहिला. घाईनं पाहिला नाही. रिना ब्रेकवर पाय ठेवून थांबली होती.

"एक बैलगाडी ई ऱ्हायनी," ते म्हणाले. "जाऊ दे तिले." बैलगाडी गेली. "आते काढ."