सात तोंडांचं झुंबर

कुलूपकाकांना न उघडणारं कुलूप अजून जन्माला यायचंय, असं काका स्वतःच सांगत, आणि ती काही अगदीच बढाई नव्हती. जिन्याखालच्या दुकानात चावी घासायचं यंत्र दिवसभर किरकिरायचं, पितळेचा पिवळा भुसा उडायचा, आणि काका डोळे मिटून नुसत्या बोटांनी कुलपाच्या पोटातलं ओळखायचे. लोक टाळ्या वाजवायचे. आणि आज तोच माणूस भल्या सकाळी काचेच्या टाकीपुढे गुडघे टेकून बसला होता नि त्याला रडू आवरत नव्हतं.

टाकी काकूंची. खाऱ्या पाण्याची, तीन फुटी, आठ वर्षं पोसलेली. त्यात दोन नारंगी मासे, काचेवर चिकटलेल्या गोगलगायी आणि मधोमध काकूंचा जीव की प्राण असलेलं एक कोरल, जिवंत पोवळं. एका खोडाला सात तोंडं, प्रत्येक तोंडाला जांभळ्या टोकांच्या हिरव्या लोंब्या, पाण्याबरोबर झुलणाऱ्या. काकू त्याला झुंबर म्हणायच्या. काका म्हणायचे, "त्या झुंबराला रोज दोनदा जेवण, आणि नवऱ्याला कालचं गरम करून!"

काकू पायरीवरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, जखम चिघळली, पुन्हा ऑपरेशन. दीड महिना झाला, बाई दवाखान्यातच अंथरुणाला खिळलेली. आधी चिडायच्या, मग रडायच्या, मग तेही बंद झालं. व्यायाम करून घेणारी बाई काकांना बाजूला घेऊन म्हणाली, "त्या उभ्या राहायलाच तयार नाहीत. फक्त त्या झुंबराचा विषय काढला की चार पावलं टाकतात. घरी जाऊन त्याच्यासमोर उभं राहायचंय म्हणतात."

आणि झुंबर मरत होतं.

पहिलं तोंड मिटलं तेव्हा काकांनी मनावर घेतलं नाही. दुसऱ्याचं मांस खोडावरून सुटायला लागलं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसला, तेव्हा मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. काकूंनी जाताना एक वही दिली होती. काकांनी ती पाठ केली. खारटपणा मोजला, बरोबर. उष्णता बरोबर. तिसरा हिस्सा पाणी बदललं. दिवा जास्त होत असेल म्हणून कमी केला. पाण्याचा झोत लागत असेल म्हणून झुंबर उचलून डावीकडे ठेवलं, मग उजवीकडे, मग खाली. दुपारी जेवायला वर आले की आधी त्याला भरवायचे, कोळंबीचा इवलासा तुकडा चिमटीत धरून, एकेका तोंडापाशी. कुजलेलं मांस नखानं हळूच काढायचे. आईनं तापलेल्या लेकराला केलं नसेल इतकं केलं हो त्या माणसानं! आणि जितकं करावं तितकं ते जास्तच खंगत गेलं.

रोज संध्याकाळी फोन यायचा. "कसंय माझं झुंबर?"

"मस्त! डोलतंय नुसतं."

"फोटो पाठवा ना."

काका मागच्या वर्षीचा फोटो पाठवायचे. पाठवून झालं की भिंतीला डोकं टेकून उभे राहायचे.

पाच तोंडं गेली. गोगलगायी एकेक करून काचेवरून खाली पडल्या. मासे मात्र मजेत. "तुम्हाला बरं काही होत नाही रे मेल्यांनो!" काका त्यांच्यावर ओरडले. आज सकाळी सहावं तोंडही पांढरं पडलं, आणि काकू रविवारी घरी येणार असा निरोप आला. मग मात्र काकांनी लाज सोडली आणि मासेवाल्या ताईंना फोन लावला. खायचे नव्हेत, पाळायचे मासे विकणाऱ्या त्या ताई. "ताई, पाया पडतो, येऊन बघा एकदा. हे गेलं तर आमची हीसुद्धा..."

ताई आल्या. मोजायचं ते सगळं मोजलं. मान हलवली. "पाणी तर छान आहे, काका. मासे जगले आणि गोगलगायी मेल्या, हेच जरा..." आणि त्या थांबल्या. काका सवयीनं बाही सरसावून टाकीत हात घालत होते, कचरा काढायला.

"थांबा! हात दाखवा."

काकांनी हात पुढे केले. चाळीस वर्षं राबलेले हात. नखांच्या कडेला, बोटांच्या भेगांमध्ये, मनगटाच्या केसांत पिवळा भुसा चमकत होता.

"काय काम करता तुम्ही?"

"चाव्या करतो."

"पितळेच्या?"

"हो. धुतो की मी हात! रोज धुतो, साबणानं!"

ताईंनी पिशवीतून आणखी एक बाटली काढली, नळीत टाकीतलं पाणी घेऊन थेंब टाकले. पाण्याला रंग चढला. "पितळेत तांबं असतं, काका. माशांना थोडंफार चालतं. गोगलगायींना आणि कोरलला ते विष. काकूंनी हात घालायला सांगितला होता?"

काका वही न उघडताच बोलले. पाठ होती ना. "भरवायचं ते चिमट्यानंच." टाकीशेजारी खिळ्याला हातभर लांब प्लॅस्टिकचा चिमटा लटकत होता. दीड महिन्यात काकांनी त्याला शिवलंही नव्हतं. डोळे मिटून कुलपं उघडणाऱ्याला चिमटा कशाला हवा! काकू आठ वर्षं ओरडायच्या, "आधी शर्ट बदला, मग त्या खोलीत जा." काकांना वाटायचं, सोफ्याच्या खोळीसाठी.

ताईंनी तांबं शोषून घेणारी पुरचुंडी झोतात अडकवली, अर्धं पाणी बदललं. "एक तोंड उरलंय. सांगता येत नाही. तुम्ही फक्त हात लांब ठेवा."

काकांनी दुकान बंद केलं. घासणीनं हात घासले, कातडं सोलवटून निघालं तरी भेगांतलं पिवळं जाईना. मग ते हात मांडीखाली दाबून टाकीपुढे बसले. रविवारपर्यंत बसून राहिले. काहीच न करणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

काकू आल्या त्या वॉकरच्या आधारानं, खुटुक खुटुक करत थेट टाकीपाशी. सहा पांढरी हाडं. सातव्या तोंडाला बोटभर हिरवं, अर्धवट उघडलेलं. काकांनी सगळं एका दमात सांगितलं, पितळ, भुसा, चिमटा, खोटे फोटो. "मी मारलं गं त्याला. या हातांनी भरवून भरवून मारलं."

"फोटो जुने होते ते पहिल्याच दिवशी कळलं मला," काकू म्हणाल्या. "त्या गोगलगायी तेव्हा एवढ्याशा होत्या." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि एक पाय लटपटला. "अहो, हात द्या."

काका पुढे झाले आणि थबकले. दोन्ही हात पाठीमागे.

"अहो, पडतेय मी! हात कसले लपवताय?"

"नको गं. माझे हात..."

"मी काही झुंबर नव्हे! चाळीस वर्षं हेच हात धरलेत मी. मेले का मी?"

काकांनी हात पुढे केले. सोललेले, भेगांत पिवळे. काकूंनी वॉकर सोडला आणि सगळा भार त्यांच्यावर टाकला.