हे टाके कुणाचे?

पिंपळे गुरवमध्ये मी दवाखाना टाकला तेव्हा माणसं माझ्याकडे काय वाट्टेल ते घेऊन यायची. गळू फोडायचं, प्लॅस्टर घालायचं, पोराच्या नाकात गेलेला वाटाणा काढायचा. एकदा तर दारात थांबलेल्या रिक्षातच बाळंतपण केलं. आता येतात ती चिठ्ठी न्यायला. कंपनीत दाखवायला आजारपणाची चिठ्ठी, कामावर रुजू व्हायला फिटनेसची चिठ्ठी, मोठ्या डॉक्टरकडे जायलाही चिठ्ठी. परवा एकजण दारातूनच म्हणाला, "मॅडम, तपासत बसू नका, शिफ्टची बस सुटेल. नुसतं लिहून द्या." मी डॉक्टर आहे की पोस्टातली कारकून, असं अगदी ओठांवर आलं होतं.

बरं, सगळा दोष पेशंटांचाही नाही. विम्याचं कॅशलेस हॉस्पिटलात मिळतं, माझ्याकडे नाही. शिवाय प्रत्येक अवयवाला आता वेगळा तज्ज्ञ, आणि जरा काही बिनसलं की मोबाइल काढून शूटिंग करणारे नातेवाईक. बाळंतपणं मी स्वतःच सोडली, मग हाडंही सोडली. राहता राहिले टाके. त्यांच्या सामानाचा स्टीलचा ट्रे मी नेमाने निर्जंतुक करून ठेवायचे आणि महिनोन् महिने तो उघडायची वेळच यायची नाही. माझी लेकही डॉक्टर. ती फोनवर सारखी म्हणायची, "आई, टाकून दे गं तो ट्रे. नसती जोखीम कशाला?" तिचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग यायचा. शेवटी दिवाळीच्या आवराआवरीत तो काढून टाकायचा, असं मी ठरवलं.

त्याच आठवड्यात गावठाणातले एक काका हाताला टॉवेल गुंडाळून आले. जुने पेशंट. त्यांची इथे शेती होती तेव्हा विळ्याने कापलेला त्यांचा पाय मीच शिवला होता. आता शेताच्या जागी त्यांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. गच्चीवरचा पत्रा सरकवताना तळहात चिरला होता. मी सवयीने चिठ्ठ्यांचं पॅड पुढे ओढलं.

"ते ऱ्हाऊ द्या," काका म्हणाले. "पाय तुमीच शिवला न्हवं? मग हात बी तुमीच शिवा."

"काका, मी आता टाके घालत नाही फारसे. हॉस्पिटलात जा."

"का? इसारलात व्हय?"

असा संताप आला मला! विसरले म्हणे! तणतणतच मी हात धुतले. त्यांना बोटं हलवायला लावली, टोकांना स्पर्श कळतोय ना ते पाहिलं. आत काही तुटलेलं नव्हतं. जखम धुतली, भूल दिली आणि सुई उचलली. पहिल्या टाक्याला हात जरा बावरला, मग आपला आपण चालू लागला. काका भाडेकरूंच्या तक्रारी सांगत होते, मी हूं हूं करत शिवत होते आणि फार म्हणजे फार आनंदात होते. दिवाळी झाली तरी ट्रे जागेवरच राहिला.

दहा-बारा दिवसांनी टाके काढायला या, असं काकांना बजावलं होतं. ते आलेच नाहीत. दार वाजलं की मी मान वर करायचे, तर पुढे कुणीतरी चिठ्ठीवाला. जखम पिकली तर नसेल, या विचाराने जीव थाऱ्यावर नव्हता. फोन करावा तर उचलायचा पत्ता नाही.

शेवटी एकदा मी बाजारात भाजी घेत असताना काका समोर आले. मी आधी त्यांचा हात धरून उलटा केला. रेघ इतकी बारीक की चष्म्यातूनही शोधावी लागली.

"टाके कुणी काढले?"

"सून ऐकंना. तिनं नेलं हास्पिटलात."

मी त्यांचा हात सोडून कोथिंबिरीची जुडी उचलली. बोलले असते तर भांडणच झालं असतं. काका आपणहून पुढे म्हणाले, "तिथला सर्जन लई येळ बघत व्हता. म्हनला, काय झ्याक काम हाय. कुनी घातलं हे टाकं?"

"मग?"

"म्या बरा सांगीन! ध्यानात न्हाई म्हनलं. उगा तुमच्या मागं चौकशीचं लचांड नको."

मला वाचवल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं. हातातली कोथिंबिरीची जुडी तशीच धरून मी भर बाजारात ओरडले, "अहो काका, सांगायचं की हो माझं नाव!"