आमच्या म्हशीचं शेण नापास झालं तेव्हा

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा अख्खा पावसाळा मी शेणाची बादली घेऊन आमच्या गावचा माळ चढत होते. मलकापूरकडून शिराळ्याला जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. खाली ऊस, वर गायरानाचा माळ, आणि त्याच्या पाठीमागं वनखात्याचं रान. बादलीला झाकण असायचं, पण वासाला कुठलं झाकण? थांब्यावर बसलेली पोरं मला बघितलं की सुरू व्हायची.

“एवढं शिकून श्याणच उचलायचं हुतं व्हय गं?”

“उचलत न्हाई, मोजती मी.”

“आमची म्हातारी न मोजता उचलती. तिला बी द्या की डिग्री!”

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते, कारण ते फुकट मिळालेलं नाही. त्यामुळं असल्या बोलण्यानं मान खाली घालायचं काही कारण नव्हतं. टोमणा बरा असला तर मीपण हसायचे आणि पुढं चालायला लागायचे.

डोक्यात एक प्रश्न बसला होता. तो आमच्या मॅडमनी वर्गात टाकलेला. “तुमच्या गावच्या माळावर वर्षानुवर्षं गुरं चरतात. मग माळ शेणानं भरून का जात नाही?”  एक म्हणाला, पाऊस नेतो. मी म्हणाले, बायका शेण्या थापायला नेतात. मॅडम म्हणाल्या, “आणि जे नेत नाहीत ते?” मी जन्मापासून तो माळ बघत आले होते, आणि हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. त्याचा मला रागच आला. मी हाच विषय घेतला.

उत्तर पुस्तकात होतंच. शेणकिडे. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि पालथं पडून बघणं वेगळं. ताज्या शेणाचा पो गवतात ठेवला की चहा पिऊन होईपर्यंत पहिला किडा यायचा. जमिनीलगत भुणभुण करत यायचा आणि धप्पकन आपटायचा, ब्रेक नसल्यासारखा. काही तिळाएवढे, काही करवंदाएवढे. एकाच्या डोक्यावर गेंड्यासारखं शिंग. काही जण शेणाची गोळी करून मागच्या पायांनी ढकलत उलटे चालायचे. पण मला जास्त आवडायचे ते खाली जाणारे. ते पोच्या खाली शिरून सरळ जमिनीत बोगदा पाडायचे, आतली ओली माती वर फेकायचे आणि बोगद्यात शेण भरायचे, करंजीत सारण भरावं तसं. त्यात अंडी घालायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पो उचलावा तर खाली नुसतं कवच, पापडासारखं, आणि मातीचे ढीगच ढीग. कुदळ न लावता माळ नांगरला जात होता. मला मोजायचं होतं ते एवढंच, की माळावर, रानाच्या कडेला आणि उसाच्या बांधावर हे काम किती होतं, आणि कुठं कमी होतं.

शेण घरच्या म्हशीचं. ही पप्पांची ऑर्डर.

पप्पा लष्करातून हवालदार होऊन पेन्शनवर आलेले. घरात ते अजून बराकीतल्यासारखंच बोलतात. मी विषय सांगितला तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कर. पण कुणाच्या दारात श्याण मागायला जायाचं न्हाई. पायजे तेवढं आपल्या म्हशीचं न्यायचं. समजलं?”

समजलं होतं. आमचं घर बौद्ध. पप्पांची आई, म्हणजे माझी आजी, खालच्या आळीतल्या गोठ्यांतलं शेण काढायची आणि बदल्यात भाकरी आणायची. पप्पा लहानपणी पाटी धरून तिच्याबरोबर जायचे. आजीला गोठ्यात जायची परवानगी, ओट्यावर चढायची नाही. दीक्षा घेऊनही पोटासाठी ते काम लगेच सुटलं नव्हतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही अर्धंच. पुढं त्यांनी पगारातून म्हैस घेतली ती दुधापेक्षा या कारणासाठी, असं आई म्हणते. स्वतःच्या गोठ्यातलं शेण स्वतः काढायचं.

तर मी घरचं शेण नेत होते आणि काम झकास चाललं होतं. मग मॅडम म्हणाल्या, एकदा येऊन जागा बघते. मी घरी सांगितलं. पप्पांच्या कानाला ते ‘इन्स्पेक्शन’ असं ऐकू गेलं असणार. गोठ्याला चुना लागला. म्हशीला शाम्पूनं आंघोळ झाली, शिंगांना तेल लागलं. आई म्हणाली, “मला कवा एवढं चोळून न्हाऊ घातलं न्हाई ह्या माणसानं.” मॅडम आल्या, माळ बघितला, गोठा बघितला, चहा घेतला. पप्पा सगळा वेळ सावधानमध्ये उभे.

त्यानंतर चार-आठ दिवसांत काहीतरी बिनसलं. मी माळावर गेले तर पो जागच्या जागी. वरून कोरडे पडलेले, आतून तसेच. खाली मातीचे ढीग नाहीत. मला वाटलं, किडे गेले. पो उलटला तर किडे होते की! पण कसे? पाय हलवतायत, पण दम नाही. एक उताणा पडला होता आणि त्याला वळता येत नव्हतं. मी काडीनं सरळ केला, तो दोन पावलं चालला आणि परत कलंडला. रानाच्या कडेला तेच. उसाच्या बांधावर तेच. उसावर कुणी फवारलं का, विचारून आले. पण फवारा माळावर कसा पोचेल? आणि तिन्ही ठिकाणी एकदम?

मॅडमना फोन केला, फोटो पाठवले. त्या म्हणाल्या, “जागा तीन आहेत. तिन्हीकडं सारखं असं काय आहे?”

सारखं एकच होतं. बादली.

घरी येऊन आईला विचारलं, म्हशीचा चारा बदलला का, पेंड बदलली का. आई म्हणाली, “चारा त्योच, पेंड तीच. इंजेक्शन तेवढं झालं.”

“कसलं इंजेक्शन?”

“जंताचं आन गोचिडाचं. तुझ्या बानं डॉक्टर बोलवून दिलं, मॅडम यायच्या आदी.”

मी पप्पांकडं गेले. ते दारात बसून बूट पॉलिश करत होते.

“पप्पा, म्हशीला इंजेक्शन कशापायी दिलं?”

“कशापायी म्हंजे? कॉलेजच्या कामाला जाणारं श्याण हाय ते. त्यात जंत-बिंत निघालं असतं तर मॅडम काय म्हणल्या असत्या? म्हटलं, माल चोख पायजे.”

हसावं की रडावं कळेना. मी समजावून सांगितलं. त्या औषधातलं बरंचसं म्हशीच्या अंगातून शेणात उतरतं. तिथं ते जंताला मारतं तसंच किड्यालाही लागू होत असणार. पप्पांचा ब्रश थांबला.

“म्हंजे माझ्यामुळं?”

“तुमच्यामुळं न्हाई, औषधामुळं. आन तेबी अजून नक्की न्हाई. बघाय लागंल.”

आणि अडचण तिथंच होती. बघायचं तर औषध न दिलेल्या जनावराचं शेण हवं, आणि ते आमच्या म्हशीच्या शेणाशेजारी, त्याच माळावर, त्याच दिवशी ठेवायला हवं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, बिघाडाचं कारण सापडलं नाही तर या सगळ्या नोंदी टाकून द्याव्या लागतील. पाऊस संपत आला की हे किडे खोल जातात, मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत काही नाही. माझं वर्ष गेलं असतं. माळावरचं पडलेलं शेण उचलून चालत नव्हतं, कारण ते कुणाच्या जनावराचं आणि त्याला काय टोचलंय हे कोण सांगणार? खात्रीचा गोठा पाहिजे होता. तसा गोठा गावात एकच होता. खालच्या आळीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची देशी गाय होती, तिला आजवर सुई लागली नाही हे तो जाईल तिथं सांगायचा. आजी ज्या गोठ्यांत जायची, त्यातलाच तो.

“दुसरा बग,” पप्पा म्हणाले.

“दुसरा न्हाई.”

“मग म्हशीचं औषध उतरू दे. थांब जरा.”

“किती दिवस? तेच तर ठाव न्हाई पप्पा. तवर पाऊस थांबतोय का?”

“माझी आई त्या गोठ्यात वाकली. तू वाकायची न्हाईस.”

मला वाटलं होतं मी भांडेन. पण ते इतक्या हळू बोलले की भांडण जमेना. मी म्हणाले, “पप्पा, आजीला तिथं भाकरीसाठी जावं लागत हुतं. मला तिथं प्रश्न घेऊन जायाचंय. मी एकटी जाईन. तुमी येऊ नका.”  पप्पा बुटाला परत ब्रश मारायला लागले, आधीच चकाकत असलेल्या.

सकाळी मी बादली, हातमोजे, वजनाचा काटा घेऊन बाहेर आले तर स्कूटर चालू. पप्पा इस्त्रीच्या कपड्यात, पायात ते बूट.

“बस,” म्हणाले.

 खालच्या आळीत गोठ्याचे मालक दात घासत दारात उभे होते. पप्पांना बघून त्यांनी गडबडीनं चूळ भरली.

“आवं हवालदार! या की. आज इकडं कुणीकडं?”

पप्पा गाडीवरून उतरून तिथंच थांबले. तेव्हा मीच पुढं झाले आणि सांगितलं, शेणकिड्यांवर काम करतेय, सुई न लागलेल्या गाईचं शेण पाहिजे. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

“तरी मी म्हणतोय! लोक मला येड्यात काढत्यात. हिला एक सुई न्हाई लावली मी. पण किडं श्याण खात्यात? मला वाटायचं किडं श्याणातनंच निपजत्यात.”

“न्हाई, बाहीरनं येत्यात. वासावर.”

“किती लांबनं?”

“ते मला बी बघायचंय.”

“आन खाऊन कुठं जात्यात?”

त्यांचे प्रश्न संपेनात. पप्पा अजून गाडीपाशीच होते. म्हाताऱ्यानं गड्याला हाक मारली, “ए, पोरीची बादली भरून दे रं!”

तेव्हा पप्पा बोलले. “नगं. तिचं ती भरंल. त्यात माती आन गवत आलेलं चालत न्हाई. तिला ठाव हाय कसं घ्यायचं.”

मी हातमोजे घालून गोठ्यात गेले. वाकले तेव्हा पाठीमागं पप्पा आहेत हे मला कळत होतं. भरून, झाकण लावून वळले, तर म्हाताऱ्यानं माझ्या हातातली बादली घेतली आणि बोलत बोलत, किड्यांबद्दलच काहीतरी विचारत, स्कूटरपर्यंत नेऊन पप्पांच्या पायापाशी ठेवली. “च्या घेऊन जावा की,” म्हणाले. पप्पांनी त्यांच्याकडं बघितलं, मग बादलीकडं बघितलं. दोरीनं ती घट्ट बांधली, आणि म्हणाले, “च्या पुन्हा कवातरी. श्याण ताजं हाय तवर पोचाय पायजे.”

माळावर मी दोन ओळी मांडल्या. एक आमच्या म्हशीची, एक त्या गाईची, सारख्या वजनाचे पो, मध्ये चार हात अंतर. पप्पा रुमाल अंथरून गवतात बसले. मला वाटलं, थोड्या वेळानं जातील. पहिला किडा आला तो नेमका म्हशीच्या ओळीत. पप्पा खूश झाले. “बग, आला की आपल्याकडं!” पण दोन्हीकडं यायला लागले. वासात फरक नव्हता, फरक नंतर होता. दुपार कलली तशी गाईच्या ओळीत पोच्या कडेनं ओली माती वर यायला लागली. पप्पा आता रुमाल सोडून मातीत कोपरांवर होते, बुटांची पर्वा न करता. एक किडा गोळी घेऊन त्यांच्या हाताशी आला, हातावर चढू लागला, जमेना, मग वळसा घालून गेला. पप्पांनी हात हलवला नाही.

“ह्ये उलटं चालून बी रस्ता चुकत न्हाई?”

“सूर्याकडं बघून सरळ रेघ धरत्यात म्हणे.”

“आमच्या भरतीच्या पोरांना जमत नव्हतं,” ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून पो उलटले. गाईच्या ओळीत नुसती कवचं. म्हशीच्या ओळीत पो जवळजवळ तसेच, आणि खाली सुस्त पडलेले किडे. पप्पांनी ती ओळ पुन्हा एकदा तपासली.

“आपल्या म्हशीचं नापास झालं,” ते म्हणाले. “मीच नापास केलं.”

मी म्हणाले, एका गाईवरून आणि एका म्हशीवरून मोठं काही सिद्ध होत नाही, पण माझ्या आधीच्या नोंदी वाया गेल्या नाहीत. आता सांगता येईल कुठून पुढं काय बिघडलं ते. त्यांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष दुसरीकडं होतं.

“सुई दिल्यावर किती दिवस असं ऱ्हातंय?”

“ठाव न्हाई. ते बघायचं तर दर दोन दिवसांनी दोन्हीकडचं श्याण ठेवत जावं लागंल. म्हशीचं सुधारंस्तोवर.”

“म्हंजे त्यांच्याकडं परत जावं लागंल.”

“व्हय.”

मी त्यांच्याकडं बघितलं नाही, काटा पुसत राहिले. पप्पा उठले, गुडघ्यांवरची माती झाडली, रिकामी बादली उचलली.

“मग उशीर करून भागायचं न्हाई,” ते म्हणाले. “धारा काढायच्या आदी जायाला पायजे. त्या येळंला ताजं असतं.”