वसंतरावांच्या अंगणातल्या सावल्या

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. कुणी भुताखेतांचं सांगू लागलं की मी आधी पुरावा मागते... हे माझी नातवंडंही सांगतील. आर्या आणि निनाद मेलबर्नहून आपला हा घरचा व्हॉट्सअॅप ग्रुप वाचतात आणि फोनवर मालूआजीच्या गावच्या त्या फोटोंबद्दल विचारत राहतात. त्यांच्यासाठी एकदाच, सगळं क्रमाने लिहिते.

मालू माझी धाकटी बहीण. वणीच्या पलीकडे, डोंगरउतारावर तिचं सासर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. वाट्याला आलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात ती नागली, म्हणजे नाचणी, करायची, आणि बांधाबांधावर तिने आंबा, फणस, आवळा लावला होता. खालून हंड्याने पाणी नेऊन जगवलेली झाडं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी तिला नाशिकला आणलं, तेवढ्यात तिच्या दिराने — वसंतरावांनी — मशीन लावून सगळी झाडं आडवी केली. त्यांना द्राक्षबाग करायची होती. मालू घरी परतली, आणि नव्या नजरेने तिने आधी खुंटं पाहिली.

ती भांडली नाही. फोनवर मला एवढंच म्हणाली, "ताई, ही सावली त्याला सोडायची नाही."

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. तेराव्याच्या पंगतीत वसंतराव वाढता वाढता सगळ्यांना सांगत होते की झाडांना कीड लागली होती. मी त्यांच्याकडे बघत राहिले. या माणसाचं वाईट व्हावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते लिहिताना मला आजही काही वाटत नाही.

माझी जुनी विद्यार्थिनी मनीषा उपग्रहाच्या फोटोंवरून एक नकाशा करत होती — डोंगराळ भागात कुठल्या शेतात पिकांबरोबर झाडं आहेत, त्याचा. कॉम्प्युटर जंगल आणि शेतातली झाडं यांत गोंधळतो. म्हणून माणसाने फोटो बघून रेघ आखायची आणि नाव द्यायचं, 'झाडांसह शेती'. ते काम मी घरी बसून करत असे.

एक दिवस मालूचं गाव समोर आलं. बांधांवर झाडं उभी होती.

फोटो जुना असेल, असं वाटलं. पण त्याच फोटोत वसंतरावांच्या द्राक्षांचे नवे खांब स्पष्ट दिसत होते. मी मनीषाला प्रत्यक्ष बघायला पाठवलं. बांधावर उभी राहून तिने फोन केला, "मॅडम, इथे नुसती खुंटं आहेत."

पुढचा फोटो आला, तेव्हा बांध रिकामे होते. झाडं वसंतरावांच्या घराभोवती गोल उभी होती.

आता नीट वाचा. हा उपग्रह सकाळी जातो, त्यामुळे फोटोत सगळ्या सावल्या पश्चिमेकडे पडतात. खांबांच्या, पाण्याच्या टाकीच्या, सगळ्यांच्या. या झाडांच्या सावल्या मात्र चारी बाजूंनी आत... घरावर पडल्या होत्या.

मी प्रिंट काढली, गाडी केली आणि गेले. मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

ऐन एप्रिल. गल्लीभर कुरडया वाळत होत्या. वसंतरावांच्या अंगणात एकही झाड नव्हतं, तरी जमीन ओली, कडेला शेवाळ. ते स्वेटर घालून ओट्यावर बसले होते. मी प्रिंट त्यांच्या मांडीवर ठेवली.

झाडांच्या गोलावरून बोट फिरवत ते म्हणाले, "म्हणजे तुम्हाला बी दिसतात."

मग सांगू लागले. घरावर ऊन म्हणून येत नाही, अंग गारठतं, डॉक्टरला काही सापडत नाही. बायको कुरडया शेजारच्या गच्चीवर घालते. आतून तिचा आवाज आला, "कीड लागली व्हती ना झाडांना? मग बसा आता सावलीत."

ते माझ्याकडे वळले. "ताई, तुमच्या नकाशातून पुसून टाका ना ते."

"तोडताना मालूला विचारलं होतंत?"

त्यांनी स्वेटर अंगाभोवती घट्ट ओढला. प्रिंट तिथेच ठेवून मी निघाले.

मनीषाच्या मते दोन तारखांचे फोटो जोडताना घोटाळा झाला असावा. असेलही. पण वसंतरावांच्या घराभोवती तर कुठल्याच तारखेला झाडं नव्हती. आणि ते शेवाळ?

वसंतराव आता मुलाकडे सटाण्याला राहतात. अधूनमधून त्यांचा फोन येतो, "ताई, पुसलं का?" मी सांगते, काम चालू आहे.

गावाच्या ताज्या फोटोत त्यांचं अंगण मोकळं आहे, लख्ख ऊन. सटाणा माझ्या कामात येत नाही. तरी मी तिथला फोटो उघडला. मुलाची इमारत शोधायला वेळ लागला नाही... त्या भागात झाडांचा गोल एकच होता.

मी त्याच्याभोवती नीट रेघ आखली, आणि नाव दिलं, 'झाडांसह शेती'.