काचेच्या दाराचं संकट

तमाम रायपूरकरांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, शहर राजधानी झाल्यावर आमच्या गल्लीवर कोसळलेलं पहिलं संकट म्हणजे काचेचं दार.

गल्लीतलं चर्च मुळात सिनेगॉग होतं, रेल्वेतल्या मराठी ज्यू कुटुंबांनी बांधलेलं. ती इस्रायलला गेली, इमारत ख्रिस्ती मंडळींकडे आली, वर क्रूस लागला. सागवानी चौकटीवरची पितळी नळी मात्र राहिली. तिच्यात ज्यूंची प्रार्थना असते. आत जाताना तिला हात लावून बोटं ओठांना टेकवायची. हळूहळू ख्रिस्ती लोकही तसंच करू लागले. माझ्या आत्यानं तर निघालेल्या ज्यू मैत्रिणीला शब्दच दिला होता, "नळीले मी सांभाळीन."

चर्चच्या कमिटीनं मागवलेलं काचेचं दार घेऊन ठेकेदार चौकट उखडायला आला, तेव्हा आत्या उंबऱ्यातच खुर्ची टाकून बसली.

ठेकेदार म्हणाला, "आंटी, नली यहूदियों की, चर्च ईसाइयों का. आप तो हिंदू हो, आपका क्या जाता है?"

"माझा शब्द जाते!"

त्यानं आशेनं पाद्रीबाबांकडे पाहिलं. पाद्रीबाबांनी सवयीनं नळीला हात लावला, बोटं ओठांना टेकवली आणि आत्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. मी टाळ्या वाजवल्या, राहवलंच नाही.

ठेकेदारानं हात जोडले. "अब राजधानी है, आंटी. कुछ तो नया लगना चाहिए!"

आत्या उसळली, "राजधानी नवी असन, देव त जुनाच हाये ना! काचेवर त्याचं नाक आपटलं त कोन पाहीन?"